सातासमुद्रापलीकडची विद्या

इ. स. १८७९ सालची गोष्ट. ताकेओ यामानोबे नावाचा एक जपानी तरुण लंडन शहरात विद्यार्जन करीत होता. त्याचा जन्म जपानच्या पश्चिम भागातील त्सुवानो संस्थानात एका सामुराई कुळात झाला होता. सामुराई म्हणजे जपानातील क्षत्रिय. संस्थानिकांच्या कुळातील एका तरुणाचा सोबती म्हणून यामानोबे दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला आला होता. अर्थशास्त्र आणि विम्याचा व्यवहार हे त्याच्या अभ्यासाचे विषय होते. ग्रंथ वाचावेत, व्याख्याने ऐकावीत, टिपणे काढावीत, असा त्याचा दिनक्रम सुरळीत चालला होता.

अशात एके दिवशी त्याच्या हाती मायदेशाहून एक पत्र पडले. ते एइची शिबुसावा नावाच्या गृहस्थाने धाडले होते. जपानात सूत कातण्याची एक मोठी गिरणी काढावयाची आहे, परंतु यंत्रे जाणणारा माणूस साऱ्या देशात मिळत नाही. तरी यामानोबेने सूतकताईचे शास्त्र आणि त्याचा व्यापार ही दोन्ही शिकून यावीत, अशी त्या पत्रातील विनंती होती.

ह्या विनंतीने यामानोबे विचारात पडला. पुस्तकी विद्या सोडून गिरणीच्या धुळीत शिरावयाचे! शिवाय जपानात फार पूर्वीपासून योद्ध्यांना पहिला मान, त्यांच्यामागून शेतकरी व कारागीर आणि सर्वांच्या शेवटी व्यापारी, अशी चढती-उतरती श्रेणी मानली जात असे. सामुराईच्या मुलाने व्यापाराच्या कामी पडणे हे त्या काळी कमीपणाचे वाटे. मग शिबुसावाने असे पत्र का लिहिले? ते समजण्यासाठी त्याच्या आधीच्या बारा वर्षांकडे वळून पाहिले पाहिजे.

एइची शिबुसावाचा जन्म १८४० साली एका खेड्यात झाला. ते खेडे आज सैतामा प्रांतातील फुकाया शहरात मोडते. त्याच्या घरी शेती होती आणि त्याबरोबरच निळीचा व रेशमाच्या किड्यांचा धंदाही चाले. वडिलांबरोबर हिंडून निळीचा पाला पारखून घेण्यात तो लहानपणीच तरबेज झाला. तो सोळा-सतरा वर्षांचा असताना त्याला एक कटू अनुभव आला. वडिलांच्या वतीने तो सरकारी कचेरीत गेला होता. तेथील अधिकाऱ्याने त्याच्या घराण्याकडे पाचशे र्‍यो, म्हणजे त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांची मोठी रक्कम, मागितली. "वडिलांना विचारून सांगतो," एवढेच तो म्हणाला. त्यावर अधिकाऱ्याने त्याची निर्भर्त्सना केली. कष्टाने पैसा मिळवणाऱ्याने मान खाली घालावी आणि काही न मिळवणाऱ्याने त्याला हुकूम सोडावा, ही रीत त्या मुलाच्या मनाला फार लागली.

पुढे तरुणपणी शिबुसावा परकीयांचा कट्टर द्वेष्टा बनला. १८६३ साली त्याने आपल्या सोबत्यांसह योकोहामा येथील परकीयांच्या वस्तीवर हल्ला करून ती जाळून टाकण्याचा बेत रचला होता. सुदैवाने तो बेत आयत्या वेळी सोडून देण्यात आला. ज्याने परकीयांची घरे जाळण्याचे मनात आणले, त्यालाच चार वर्षांनी त्या परकीयांच्या देशी जाण्याचा योग यावा, हा दैवाचा खेळच म्हटला पाहिजे.

१८६७ साली पॅरिस येथे एक भव्य आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. जपानचा कारभार त्या वेळी शोगुन ह्या नावाच्या लष्करी शासकाच्या हाती होता. शोगुनने आपला धाकटा भाऊ आकिताके तोकुगावा ह्याला आपला प्रतिनिधी म्हणून प्रदर्शनाला पाठवण्याचे ठरविले. आकिताकेचे वय तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. त्याच्या बरोबर जी मंडळी निघाली, त्यांत जमाखर्च पाहण्यासाठी शिबुसावाची नेमणूक झाली. १५ फेब्रुवारी १८६७ रोजी त्यांची आगबोट योकोहामा बंदरातून निघाली.

शिबुसावा बोटीवर पाव-लोणी खाऊ लागला व कॉफी पिऊ लागला, आणि ती त्याला आवडलीही. परंतु पोशाख आणि खाणेपिणे ह्यांपेक्षा त्याचे लक्ष दुसऱ्याच गोष्टींकडे अधिक होते. शांघायला त्याने गॅसचे दिवे आणि तारायंत्राच्या तारा पाहिल्या. सुएझला पोचल्यावर मंडळी बोटीतून उतरून आगगाडीने भूमध्य समुद्राकडे निघाली. कारण सुएझचा कालवा तोवर पुरा झालेला नव्हता. वाळवंटात दूरवर त्याचे खोदकाम चालू होते. हे प्रचंड काम एक कंपनी करीत आहे आणि हजारो लोकांनी आपापल्या शिलकेतून थोडाथोडा पैसा घालून तिचे भांडवल उभे केले आहे, हे त्याला समजले, तेव्हा त्याला मोठे आश्चर्य वाटले. एका माणसाला जे झेपणार नाही, ते अनेकांनी मिळून करावे, आणि त्याचा लाभ साऱ्या जगाला व्हावा, ही कल्पना त्याच्या मनात तेथेच रुजली.

पॅरिसमध्ये त्याने प्रदर्शनातील यंत्रे तर पाहिलीच. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. रस्त्यांखालची गटारे, पाणीपुरवठा, रुग्णालये, वर्तमानपत्रे, पेढ्या, रोख्यांचा बाजार, जे जे दिसेल त्याची तो बारकाईने चौकशी करी. पाहुण्यांच्या सरबराईसाठी फ्रेंच सरकारने विलेत नावाचा एक लष्करी अधिकारी नेमला होता. आणि त्यांचे पैशाचे व्यवहार फ्ल्यूरी-एरार नावाचा एक पेढीवाला पाहत असे. हे दोघे एकत्र बसून बोलत. त्यांच्या बोलण्यात मालक-चाकर असा भाव नसे. पेढीवाल्याचे म्हणणे पटले, तर लष्करी अधिकारी ते मोकळेपणाने मान्य करी. हे दृश्य पाहून शिबुसावाला आपल्या लहानपणीची ती कचेरी आठवली असल्यास नवल नाही. त्याच्या देशात शस्त्रधारी अधिकाऱ्यापुढे व्यापाऱ्याने जमिनीला डोके टेकावयाचे, आणि येथे हे दोघे बरोबरीने बोलतात! युरोपच्या वैभवाचे मूळ केवळ यंत्रांत नाही, तर धंदा करणाऱ्याला समाजात जो मान आहे त्यातही आहे, असे त्याने मनाशी ठरविले.

बेल्जममध्ये तर याहून मोठा चमत्कार घडला. तेथे पाहुण्यांना लोखंडाचे कारखाने दाखविण्यात आले. पुढे राजाची भेट झाली, तेव्हा त्याने त्या कारखान्यांबद्दल आस्थेने विचारले, आणि जपानला लोखंड लागेल तेव्हा ते बेल्जममधून घ्यावे, असे सुचविले. राजाने स्वतः आपल्या देशाच्या मालाची शिफारस करावी, ही गोष्ट जपानी मंडळींच्या स्वप्नातही आली नसती. शिबुसावाला मात्र तिच्यातील मर्म कळले.

व्यवहाराचे एक ज्ञान त्याला प्रत्यक्ष करूनच मिळाले. फ्ल्यूरी-एरारच्या सल्ल्याने त्याने जवळच्या शिलकेतून फ्रेंच सरकारचे आणि आगगाडीच्या कंपनीचे कर्जरोखे विकत घेतले. पुढे १८६८ साली जपानात राज्यक्रांती होऊन शोगुनची सत्ता संपली आणि मंडळींना परत बोलावणे आले. तेव्हा ते रोखे विकून त्याला मुद्दल तर मिळालेच, वर नफाही झाला. लोकांची शिल्लक मोठ्या कामांकडे कशी वळवावी, हा धडा त्याला कोणत्याही पुस्तकाने इतका चांगला शिकविला नसता.

१८६८ च्या अखेरीस शिबुसावा मायदेशी परतला. ज्या राजसत्तेने त्याला धाडले होते, ती नाहीशी झाली होती. परंतु त्याने मिळविलेली विद्या कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते. काही वर्षे त्याने नव्या सरकारच्या अर्थखात्यात काम केले. १८७३ साली ती मानाची नोकरी सोडून तो व्यापारात शिरला. त्याच वर्षी जपानची पहिली राष्ट्रीय बँक त्याच्या पुढाकाराने सुरू झाली. आणि त्याच वर्षी कागदाचा कारखाना काढण्याचे कामही त्याने हाती घेतले. वर्तमानपत्रे व पुस्तके स्वस्त झाल्यावाचून लोक शहाणे होणार नाहीत आणि कागद पिकविल्यावाचून ती स्वस्त होणार नाहीत, हे त्याने युरोपात ओळखले होते.

ह्याच सुमारास एक गोष्ट त्याच्या मनाला सलत होती. जपानी लोक इंग्लंडच्या गिरण्यांचे आणि मागाहून मुंबईच्या गिरण्यांचेही सूत मोठ्या प्रमाणावर विकत घेऊ लागले होते. देशाचा पैसा त्या वाटेने बाहेर जात होता. सरकारने इंग्लंडहून यंत्रे आणवून ठिकठिकाणी छोट्या गिरण्या काढविल्या. प्रत्येकीत चात्या सुमारे दोन हजार. पण त्या नीट चालेनात. त्या फार लहान होत्या, पाण्याच्या प्रवाहावर चालत असल्याने उन्हाळ्यात अडून राहत, आणि यंत्र बिघडले तर ते का बिघडले हे सांगणारा माणूस नसे. यंत्र विकत आणता येते. पण यंत्राचे ज्ञान पेटीत भरून आणता येत नाही. ते माणसाच्या डोक्यातून आणि हातांतूनच यावे लागते. म्हणूनच शिबुसावा अशा माणसाच्या शोधात होता. आणि म्हणूनच ते पत्र लंडनला गेले.

यामानोबेने विनंती मान्य केली. त्याने अर्थशास्त्राचा अभ्यास बाजूला ठेवला आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजात यंत्रशास्त्र शिकावयास प्रारंभ केला. परंतु थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानी आले की, वर्गात बसून गिरणी समजणार नाही. तो मँचेस्टरला गेला. लँकेशर परगण्यातील हे शहर त्या काळी कापसाच्या व्यापारात जगात अग्रेसर होते. तेथील एखाद्या गिरणीत उमेदवारी करावी, असा त्याचा मानस होता.

पण परक्या देशाच्या माणसाला आपल्या धंद्याच्या खुब्या कोण शिकविणार? त्याने गिरणीमालकांकडे खेटे घातले, वर्तमानपत्रात जाहिरातही दिली. सगळीकडून नकार आला. दुसरा एखादा निराश होऊन लंडनला परतला असता. यामानोबेने चिकाटी सोडली नाही. शेवटी मँचेस्टरजवळच्या ब्लॅकबर्न गावातील एका गिरणीमालकाने पैसे घेऊन त्याला शिकू देण्याचे कबूल केले. त्यासाठी शिबुसावाने त्याला १,५०० येन पाठविले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

सामुराईचा मुलगा आता कामगारांच्या बरोबरीने गिरणीत उभा राहिला. कापसाच्या गाठी फोडणे, कापूस स्वच्छ करून पिंजणे, त्याचे पेळू ओढणे, ते बारीक करीत करीत चातीवर सूत कातणे, ह्या सर्व पायऱ्या त्याने एकामागून एक समजून घेतल्या. धागा का तुटतो, यंत्राला तेल केव्हा द्यावे, हवा कोरडी झाली तर काय बिघडते, असल्या गोष्टी हाताने काम केल्यावाचून उमगत नाहीत. त्याचबरोबर कापूस कोठून व कसा खरेदी करतात, सूत बाजारात कसे जाते, ह्याकडेही त्याचे लक्ष होते. कारण गिरणी नुसती चालवून भागत नाही; ती नफ्यात चालवावी लागते.

१८८० साली यामानोबे जपानला परतला. त्याला सर्वांत आधी एका कठीण प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे होते. गिरणी कोठे काढावी? पाण्याची शक्ती स्वस्त पडेल म्हणून त्याने अनेक नद्यांची पाहणी केली. परंतु बारमाही पुरेसे पाणी, जवळ बंदर आणि पुरेशी माणसे, ह्या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळेनात. लँकेशरमध्ये त्याने वाफेवर चालणाऱ्या मोठमोठ्या गिरण्या पाहिल्या होत्या. त्याने पाण्याचा नाद सोडला आणि ओसाका शहराजवळ, बंदराच्या काठी, वाफेच्या यंत्रावर चालणारी गिरणी काढण्याचा सल्ला दिला. सरकारी गिरण्यांत दोन हजार चात्या होत्या. ह्या गिरणीत १०,५०० चात्या असाव्यात, असे ठरले. एवढ्या मोठ्या कामाला एका धनिकाचा पैसा पुरणारा नव्हता. शिबुसावाने सुएझच्या वाटेवर जे पाहिले होते, ते आता उपयोगी पडले. माजी संस्थानिक आणि व्यापारी ह्यांना भागीदार करून त्याने भांडवल जमविले. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स ह्या कारखान्याकडून यंत्रे मागविण्यात आली. यंत्रे येण्यापूर्वीच यामानोबेने काही निवडक तरुणांना इतर गिरण्यांत शिकावयास धाडले. कारण आपण एकट्याने शिकून आलो एवढ्याने गिरणी चालणार नाही, हे तो जाणून होता.

१८८३ साली ओसाका सूतगिरणी सुरू झाली आणि थोड्याच काळात भागीदारांना चांगला नफा मिळू लागला. १८८६ साली गिरणीत विजेचे दिवे लागले, तेव्हा ते पाहावयास लोकांची झुंबड उडाली. ओसाकाचे यश पाहून मिए, तेन्मा, कानेगाफुची अशा मोठ्या गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. १८९० साली जपानी गिरण्यांत निघालेले सूत बाहेरून येणाऱ्या सुतापेक्षा अधिक भरले. आणि १८९७ साली तर जपानची सुताची निर्यात आयातीच्या पुढे गेली. ब्लॅकबर्नमध्ये एका विद्यार्थ्याने केलेल्या उमेदवारीला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती.

मात्र ह्या कथेची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. ओसाकाची गिरणी रात्रंदिवस चाले. दिवसपाळी व रातपाळी, प्रत्येकी बारा तासांची. पुढे इतर गिरण्यांनीही हीच रीत उचलली. ह्या पाळ्यांत मुख्यतः खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रिया आणि मुली राबत. त्यांतल्या कित्येक बारा-तेरा वर्षांच्या असत. जागरणाने आणि कापसाच्या तंतूंनी कोंदलेल्या हवेने अनेकींना क्षयासारखे रोग जडले. इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने स्त्रियांना गिरणीत रात्री कामाला लावण्यास बंदी झाली होती. जपानने इंग्लंडहून यंत्र आणले, पण त्या यंत्राला लगाम घालणारा कायदा आणण्यास फार विलंब लावला. जपानात कारखान्यांचा कायदा १९११ साली झाला, त्याचा अंमल १९१६ साली सुरू झाला, आणि स्त्रियांची रातपाळी बंद होण्यास १९२९ साल उजाडावे लागले. परदेशातून विद्या आणताना अर्धीच आणली, तर तिचे मोल दुबळ्यांना द्यावे लागते, हा बोध ह्यातून घेण्यासारखा आहे.

जपानच्या ह्या उद्योगाचा महाराष्ट्राशीही जवळचा संबंध आला. जपानात पिकणारा कापूस गिरण्यांना पुरेना. तेव्हा १८८९ साली जपानी प्रतिनिधी कापसाची पाहणी करण्यासाठी हिंदुस्थानात आले, आणि लवकरच मुंबई बंदरातून जपानकडे कापसाच्या गाठी जाऊ लागल्या. ज्या मुंबईचे सूत जपानी लोक विकत घेत होते, त्याच मुंबईचा कापूस नेऊन ते आता स्वतः सूत काढू लागले. परंतु ही वाहतूक युरोपीय जहाज-कंपन्यांच्या हाती होती आणि तिचे भाडे जबर होते.

जमशेटजी टाटा ह्यांना ही अडचण जाणवत होती. त्यांनीही तरुणपणी लँकेशरच्या गिरण्या स्वतः फिरून पाहिल्या होत्या, आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे आपली सूतगिरणी सुरू केली होती. ती मुंबईत न काढता, जेथे कापूस पिकतो त्या प्रदेशात काढावी, हा त्यांचा निर्णय अभ्यासपूर्वक घेतलेला होता. १८९३ साली जमशेटजी जपानला गेले. तेथे जपानच्या निप्पॉन युसेन कैशा ह्या जहाज-कंपनीशी त्यांनी बोलणे केले. शिबुसावाचाही त्या कामाला पाठिंबा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात कोबे बंदरातून 'हिरोशिमा मारू' हे जहाज मुंबईकडे निघाले आणि दोन्ही देशांमधील नवा जलमार्ग सुरू झाला. प्रतिस्पर्ध्यांनी आपले भाडे एकदम उतरविले. ह्या चढाओढीत टाटांना आपली जहाजे लवकरच काढून घ्यावी लागली. जपानी जहाजे मात्र टिकली. कारण जपानच्या गिरणीमालकांनी, दुसरीकडे भाडे कितीही कमी असले तरी आपला कापूस ह्याच जहाजांतून आणू, असा आपसांत करार केला होता. अनेकांनी मिळून एक काम तडीस नेणे, ही शिबुसावाने आणलेली विद्या येथेही उपयोगी पडली.

आपल्या देशातील बुद्धिमान तरुणांनी परदेशी जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, ही तळमळ जमशेटजींनाही होती. जपानच्या प्रवासापूर्वी एक वर्ष, म्हणजे १८९२ साली, त्यांनी त्यासाठी एक निधी स्थापन केला होता. त्यातून विद्यार्थ्याला पैसा दान म्हणून मिळत नसे, तर कर्जाऊ मिळे. शिकून आलेल्याने तो फेडावा आणि त्यातून पुढच्या विद्यार्थ्याची सोय व्हावी, अशी ती योजना होती. तो निधी आजही विद्यार्थ्यांना साह्य करीत आहे. परदेशी शिकावयास जाणारा विद्यार्थी केवळ स्वतःसाठी जात नाही. त्याच्यामागून येणाऱ्यांचेही त्याच्यावर ऋण असते, हे ह्या योजनेने फार सुंदर रीतीने दाखवून दिले.

शिबुसावाने आपल्या दीर्घ आयुष्यात सुमारे पाचशे उद्योगसंस्थांच्या उभारणीत भाग घेतला, आणि त्याहूनही अधिक शैक्षणिक व लोकोपयोगी संस्थांना हातभार लावला. १८७५ साली तोक्योत व्यापारी शिक्षणाची एक लहानशी शाळा निघाली. सामुराईंच्या मुलांना व्यापार कशाला शिकवायचा, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. शिबुसावाने ती शाळा अनेक वर्षे जपली. तीच पुढे हितोत्सुबाशी विद्यापीठ ह्या नावाने प्रसिद्धीस आली. नीती आणि धनार्जन ही एकमेकांची वैरी नव्हेत, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. १९३१ साली, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी, त्याचे निधन झाले. जुलै २०२४ मध्ये जपानने दहा हजार येनची नवी नोट काढली, तिच्यावर शिबुसावाचे चित्र आहे. ज्या मुलाला एका अधिकाऱ्याने झिडकारले होते, त्याचेच चित्र आज त्या राष्ट्राच्या सर्वांत मोठ्या नोटेवर विराजमान झाले आहे. यामानोबे पुढे ओसाका सूतगिरणीचा अध्यक्ष झाला. १९१४ साली ती गिरणी आणि मिए येथील गिरणी एकत्र होऊन 'तोयोबो' ही कंपनी स्थापन झाली, आणि ती आजही चालू आहे.

परदेशाच्या अभ्यास-प्रवासाने विद्यार्थ्याला काय लाभते, ह्याचे उत्तर ह्या दोघांच्या चरित्रांत सापडते. शिबुसावा पाहावयास शिकला. कोणतीही नवी वस्तू दिसली की तिच्या मागे कोणती व्यवस्था उभी आहे, हे तो विचारी. कालवा पाहून तो कंपनीपर्यंत पोचला आणि वर्तमानपत्र पाहून कागदापर्यंत. यामानोबे करावयास शिकला. जन्माचा अभिमान दूर ठेवून त्याने हात मळविले आणि म्हणूनच त्याची विद्या पक्की झाली. दोघांनाही परक्या देशाच्या आरशात आपला देश नव्याने दिसला. त्याचे गुण दिसले, तसे दोषही दिसले. आणि दोघेही जे मिळविले ते घेऊन घरी परतले.

परदेशी जाऊन आलेले पुष्कळ असतात. कोणी उंची वस्त्रे आणतो, कोणी नवलाच्या वस्तू आणतो. वस्त्रे विरतात आणि वस्तू मोडतात. डोळसपणे पाहिलेले, हाताने केलेले आणि दहा जणांना शिकविलेले मात्र नाश पावत नाही. खऱ्या विद्यार्थ्याच्या गाठोड्यात हीच संपत्ती असते, आणि ती बंदरावर उतरवून घेताना कोणी जकात मागत नाही.

स्वाध्याय

१. शिबुसावाचे पत्र मिळाल्यावर यामानोबे विचारात का पडला?

२. पुढील गोष्टी पाहून शिबुसावा काय शिकला, ते प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा : (अ) सुएझचा कालवा, (आ) लष्करी अधिकारी आणि पेढीवाला ह्यांचे संभाषण, (इ) बेल्जमच्या राजाचे बोलणे.

३. सरकारने काढलेल्या छोट्या सूतगिरण्या का चालल्या नाहीत? ओसाकाची गिरणी कोणत्या बाबतींत त्यांच्याहून वेगळी होती?

४. 'जपानने इंग्लंडहून यंत्र आणले, पण त्या यंत्राला लगाम घालणारा कायदा आणण्यास फार विलंब लावला.' ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. टाटांची जहाजे टिकली नाहीत. जपानी जहाजे टिकली. ह्याचे कारण सांगा.

६. पुढील शब्दसमूहांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : खेटे घालणे, तडीस नेणे, हात मळविणे, झुंबड उडणे.

७. आपल्या गावातील एखाद्या कारखान्याला, पेढीला किंवा बाजारपेठेला शिक्षकांसह भेट द्या. तेथे काय पाहिले, आणि त्यामागे कोणती व्यवस्था आहे, ते वीस ओळींत लिहा.